सापाची प्रकृती आणि माणसाची घाई

भाताची लावणी आटोपते, पाऊस दोन दिवस उघडीप देतो आणि जोयडा तालुक्यातील घराघरांतून गोठ्याजवळची लाकडांची रास हलविण्याचे काम निघते. काळी नदीच्या उगमाकडचा हा मुलूख घाटमाथ्याचा, अतोनात पावसाचा आणि दाट रानाचा. तेव्हा त्या राशीत विंचू, बेडूक, सरडे यांच्याबरोबर एखादा साप दिसला, तर घरच्या माणसांना त्याचे फारसे नवल वाटत नाही. पण एखाद्या दिवशी दिसलेला साप नेहमीसारखा नसतो. चांगली पुरुषभर लांबीची धामण असते. एरवी माणसाची चाहूल लागताच ती सळकन निघून जावयाची; पण आज जागची हलत नाही. अंगाची तकाकी गेलेली, रंग मळकट झालेला आणि दोन्ही डोळ्यांवर निळसर दुधी पडदा आलेला.

"आजा, ही आंधळी झाली," मुले ओरडतात.

"म्हातारी झाली असेल," आजा म्हणतो.

"मुंगसाने धरली असेल," दुसरा कोणी सांगतो.

मारण्यासाठी काठी उचलली गेली नाही, हे त्या घराचे सौजन्य. उलट मुलांना दया येते. रिकामे खोके शोधले जाते, त्यात धामण कोंडली जाते, तिच्यापुढे दुधाची वाटी ठेवली जाते, आणि कोणी तिच्या अंगाला खोबरेल तेलात कालविलेली हळदही चोपडतो. अशा शुश्रूषेत तो जीव दगावला, तर घरात हळहळ होते आणि आजार भारीच होता असे सर्वांना वाटते.

वस्तुस्थिती अशी, की आजार नव्हताच. ती धामण कात टाकण्याच्या तयारीत होती. तिला आठवडाभर आडोसा, ओल आणि एकांत मिळाला असता, तर ती पहिल्यापेक्षा अधिक तुकतुकीत होऊन आपल्या वाटेने गेली असती. सापाच्या बाबतीत असे पुष्कळदा घडते. जे आजारासारखे दिसते ते आजार नसते, आणि खरा आजार मात्र फार उशिरापर्यंत दिसत नाही. या दोहोंतील भेद ओळखता येणे, हेच सापाच्या प्रकृतीविषयीचे पहिले ज्ञान होय.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याची बाजू स्पष्ट केली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातील रानटी सापांना संरक्षण दिले आहे. धामण, नाग, अजगर, घोणस, मांडूळ यांपैकी कोणताही साप पकडणे, घरी कोंडून ठेवणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. मांडुळामुळे गुप्तधन सापडते या खुळचट समजुतीने तो निरुपद्रवी प्राणी मडक्यांत आणि पिशव्यांत कोंडून ठेवणारे व हजारोंचा सौदा करणारे लोक वारंवार पकडले गेले आहेत. तेव्हा जोयड्याच्या रानातील साप हा 'पाळीव' होऊ शकत नाही. मात्र शहरांतून आज काही कुटुंबे परदेशी साप हौसेने पाळतात. त्यांत आफ्रिकेतील बॉल पायथन नावाचा लहानसा अजगर आणि अमेरिकेतील कॉर्न स्नेक हे दोन विशेष आढळतात. दोघेही बिनविषारी आहेत. ज्या परदेशी प्राण्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रण आहे, त्यांची नोंदणी करणे १९७२ च्या कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी बंधनकारक झाले आहे. बॉल पायथन हा त्यांत मोडतो. यांखेरीज परवान्याने साप राखणाऱ्या संस्था आहेत. पुण्याजवळ कात्रज येथील सर्पोद्यान १९८६ साली सुरू झाले. चेन्नईजवळ इरुळा जमातीच्या सर्पमित्रांची सहकारी संस्था १९७८ पासून काम करीत आहे. तेथे औषधासाठी विष काढण्यापुरते साप मातीच्या मडक्यांतून ठेवतात आणि काम होताच पुन्हा रानात सोडतात. साप रानातला असो, हौसेने पाळलेला असो, की संस्थेत राखलेला असो, त्याच्या शरीराचे नियम एकच आहेत. आणि ते जाणल्याखेरीज त्याची काळजी घेता येत नाही.

आता त्या धामणीच्या डोळ्यांकडे परत वळू. सापाला पापण्या नसतात. डोळ्याचे रक्षण एक पारदर्शक खवला करतो, आणि तोही कातेबरोबर निघून जातो. कात टाकण्याची वेळ जवळ आली, की जुन्या आणि नव्या त्वचेच्या दरम्यान एक द्रव साठतो. त्यामुळे सारे अंग फिकट दिसते आणि डोळे निळसर दुधी होतात. या अवस्थेत सापाला नीट दिसत नाही, म्हणून तो लपून बसतो, खाणे टाळतो आणि हात लावताच चिडतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. अनभिज्ञ माणसाला वाटते, दुखणे बरे झाले. आणखी तीनचार दिवसांनी साप आपले ओठ दगडावर किंवा लाकडावर घासतो, तेथून कात सुटते आणि पायमोजा उलटा करून काढावा तशी ती शेपटीपर्यंत उलटत निघते. निरोगी सापाची कात बहुधा अखंड निघते, आणि तिच्या टोकाशी डोळ्यांवरचे ते दोन चकचकीत खवले स्पष्ट दिसतात. साप पाळणाऱ्याने प्रत्येक वेळी ते दोन खवले मोजून पाहावे, अशी जाणत्यांची सूचना आहे. दोन्ही सापडले तर चिंतेचे कारण नाही.

कात तुकड्यातुकड्यांनी निघाली, तर मात्र काहीतरी चुकले आहे असे समजावे. बहुतेक वेळा ही चूक सापाची नसून हवेची असते. जोयड्याच्या पावसाळ्यात जी ओल फुकट मिळते, ती शहरातील पंख्याखालच्या कोरड्या खोलीत मिळत नाही. बॉल पायथनच्या पेटीत हवेतील आर्द्रता ५५ ते ७० टक्क्यांच्या आसपास असावी लागते. ती घटली, की कातेचे चट्टे अंगाला चिकटून राहतात. अशा वेळी घाबरून ते सोलून काढू नयेत. खालची कोवळी त्वचा त्याबरोबर फाटते. ओलसर, स्वच्छ फडक्याने भरलेल्या आणि हवेला छिद्रे असलेल्या डब्यात सापाला थोडा वेळ ठेवावे, म्हणजे तो त्या फडक्यांवर अंग घासून स्वतःच मोकळा होतो. शेपटीच्या टोकाला वेढा राहिला असेल तर तेथे विशेष लक्ष द्यावे. तो आवळून रक्तप्रवाह बंद पडतो व टोक सुकते. डोळ्यावरचा खवला अडकला असेल, तर मात्र चिमटा हाती धरूच नये. पुढच्या कातेबरोबर तो बहुधा निघतो. न निघाल्यास तो काढणे हे पशुवैद्याचे काम आहे. घरच्या माणसाच्या एका उतावीळ ओढीने डोळा कायमचा जाऊ शकतो.

दुसरी मोठी भीती उपासाची. गाय दोन वेळा वैरणीला तोंड लावीनाशी झाली, तर गोठ्यात चिंता पसरते आणि ती रास्तच असते. पण तोच न्याय सापाला लावता येत नाही. गाय, कुत्रा किंवा माणूस आपल्या अन्नाचा फार मोठा भाग शरीर ऊबदार राखण्यासाठी जाळतो. साप ती ऊब बाहेरून घेतो. ऊन, तापलेला दगड आणि जमीन ही त्याची चूल होय. म्हणून त्याला फार थोडे अन्न पुरते. पाळलेल्या मोठ्या सापाला आठ-पंधरा दिवसांतून एकदा खाणे देतात, आणि बॉल पायथन तर थंडीच्या दिवसांत कित्येक आठवडे, कधी काही महिनेही, खाण्यास नकार देतो. वजन टिकून असेल, पाणी पिणे चालू असेल आणि जीभ नेहमीप्रमाणे लवलवत असेल, तर अशा उपासाला आजार म्हणत नाहीत. बळजबरीने तोंड उघडून घास कोंबणे हा या भीतीचा सर्वांत वाईट परिणाम होय. त्याने जबड्याला इजा होते आणि साप अधिकच अन्न टाकतो.

पुष्कळदा साप खात नाही याचे कारण आणखी साधे असते. त्याच्यासमोर ठेवलेले ते अन्न त्याचे नसते. दिवड मासे आणि बेडूक खातो. हरणटोळ सरडे-पाली धरतो. मण्यार आणि नागराज हे इतर सापांवर जगतात. दूध तर कोणत्याच सापाचे अन्न नव्हे. नागपंचमीला वाटीला तोंड लावणारा गारुड्याचा नाग हा बहुधा कित्येक दिवसांचा तहानलेला असतो. पाणी म्हणून तो ते दूध पितो, आणि ते त्याला पचत नाही. या एका गोष्टीत भक्तीपेक्षा पाण्याची वाटी अधिक दयाळू ठरली असती.

साप जेवल्यानंतरचेही काही देखावे पाहणाऱ्याला घाबरवितात. गिळून झाल्यावर तो दोनतीनदा जबडा भलताच पसरून जांभई देतो; त्याचा श्वास कोंडला, अशी समजूत होते. वस्तुतः गिळताना अस्ताव्यस्त झालेला जबडा तो जागेवर बसवीत असतो. पोट फुगलेले दिसते व साप दोन दिवस निपचित पडतो. त्या वेळी त्याच्या शरीरात मोठीच खळबळ चाललेली असते. ब्रह्मदेशी अजगराच्या अभ्यासात असे आढळले आहे, की भरपेट भक्ष्यानंतर ४८ तासांत त्याच्या हृदयाच्या स्नायूचे वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, आणि पचन संपल्यावर ते पूर्ववत होते. असे काम चालू असता त्याला उचलणे, पाहुण्यांना दाखविणे किंवा थंड जागी हलविणे म्हणजे खाल्लेले अन्न ओकावयास लावणेच होय. निदान दोन दिवस त्याला हात लावू नये. एकदा ओकल्यास दहा-पंधरा दिवस पोटाला विश्रांती द्यावी, पेटीतील ऊब तपासावी आणि नंतर नेहमीपेक्षा लहान घास द्यावा. पुन्हा ओकला, तर मात्र घरी विचार करीत बसू नये.

मलाबरोबर पडणारा पांढरा, चुन्यासारखा गोळा पाहून कित्येकांना पू झाल्याचा भास होतो. ते सापाचे मूत्र असते. पाण्याची काटकसर करण्यासाठी त्याचे शरीर ते घट्ट रूपात टाकते. अजगराच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना नखासारखे दोन काटे दिसतात, तेही रुतलेले काटे नव्हेत. कोणे एके काळी असलेल्या मागच्या पायांची ती खूण आहे. जोयड्याच्या मातीतही असाच एक भ्रम निर्माण करणारा प्राणी आहे. पावसाळ्यात जमिनीतून वर येणारे खापरखवले साप गांडुळांवर जगतात. त्यांची शेपटी बोथट, खरखरीत आणि चिखलाने माखलेली असल्यामुळे तुटून गेल्यासारखी दिसते. नांगरामागे चालणारा माणूस त्याला कुदळ लागली असे समजून हळहळतो. पण निसर्गाने त्याची शेपटी तशीच घडविलेली असते.

इतके सांगितल्यावर असे वाटेल, की सापाला आजार होतच नाहीत. तसे मुळीच नाही. साप आपले दुखणे लपवितो. रानात दुबळा दिसलेला प्राणी घारीच्या किंवा मुंगसाच्या तावडीत सापडतो. म्हणूनच थोड्या पण निश्चित खुणा ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली खूण श्वासाची. जांभई क्षणभराची असते. परंतु साप सतत तोंड उघडे ठेवून, मान वर करून श्वास घेत असेल, श्वासाबरोबर शिटीसारखा आवाज येत असेल किंवा तोंडात-नाकपुड्यांत फेसाचे बुडबुडे दिसत असतील, तर तो फुप्फुसाचा विकार समजावा. सापाला माणसाप्रमाणे जोराने खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे हा विकार झपाट्याने बळावतो. दुसरी खूण तोंडाची. हिरड्या लाल होणे, त्यांवर दह्यासारखा थर जमणे, लाळ गळणे हा मुखरोग होय. गारुडी लोक नागाचे दात उपटतात, त्यानंतर पुष्कळ नागांचा अंत याच रोगाने होतो. तिसरी खूण बारीक किड्यांची. साप दिवसच्या दिवस पाण्याच्या भांड्यात बुडून बसला आणि पाण्यात काळे ठिपके दिसले, तर गोचिडीच्या जातीचे सूक्ष्म किडे त्याचे रक्त शोषीत आहेत असे समजावे. येथे घरगुती कीटकनाशक फवारणे हा उपाय नव्हे. किड्यांबरोबर सापही मरतो.

चौथी खूण भाजण्याची व चावण्याची. सापाला ऊब हवी म्हणून पेटीत उघडा दिवा किंवा अनियंत्रित गरम पट्टा ठेवला, तर तो त्यावर पोट भाजून घेतो आणि तरीही बाजूला होत नाही. जिवंत उंदीर पेटीत सोडून मालक निजावयास गेला, तर भुकेला उंदीर सापालाच कुरतडतो. साप पालथा केला असता सुलटा न होणे, मान विनाकारण मागे वळवून आकाशाकडे पाहत राहणे, मलद्वारातून आतडे बाहेर येणे, किंवा वजन दहा टक्क्यांनी उतरणे, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जावे. पण गुराढोरांचे किंवा माणसांचे औषध अंदाजाने मोजून देऊ नये. सापाच्या शरीरात औषध किती वेगाने पसरते हे त्याच्या उबेवर अवलंबून असते. गाईला मानवणारी मात्रा त्याला घातक ठरू शकते.

साप पाळणाऱ्याला यासाठी फार मोठ्या विद्येची गरज नाही. एक वही पुरे. तिच्यात खाण्याची तारीख, कात टाकल्याची तारीख, मल कधी झाला आणि महिन्याचे वजन, एवढे लिहावे. पेटीच्या दोन टोकांना दोन तापमापक ठेवावेत. बॉल पायथनसाठी एक टोक ३० ते ३२ अंश सेल्सिअस, तर दुसरे २५-२६ अंशांच्या आसपास असावे, म्हणजे साप आपल्या गरजेप्रमाणे जागा निवडतो. भीतीच्या वेळी आधी वही पाहावी, मग तापमापक पाहावा आणि त्यानंतर सापाकडे पाहावे. दहापैकी पुष्कळ शंकांचे उत्तर पहिल्या दोन ठिकाणीच मिळते. आणि पशुवैद्याकडे जावे लागलेच, तर तीच वही त्याला सर्वांत अधिक उपयोगी पडते.

माणसाच्या प्रकृतीचाही येथे विचार केला पाहिजे. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या मलातही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. म्हणून साप, त्याची पेटी किंवा भांडे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. ते भांडे स्वयंपाकाच्या मोरीत घासू नये. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि अशक्त वृद्ध यांनी साप हाताळू नये. पाळलेला बिनविषारी साप चावल्यास जखम साबण-पाण्याने धुणे आणि धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारणे एवढे बहुधा पुरते. पण रानातल्या सापाच्या बाबतीत असा हिशेब करणे प्राणावर बेतेल. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर आपल्याकडील लस तयार होते. जोयड्याच्या रानात मलबारी चापडा आणि नाकाशी उंचवटा असलेला दुसरा लहान चापडा हेही आढळतात, आणि त्यांचे विष त्या चारांत नाही. म्हणून साप कोणताही असो, चावा झाल्यास चिरणे, चोखणे, आवळून बांधणे यांत वेळ न दवडता, चावलेला भाग स्थिर ठेवून रुग्णाला सरळ रुग्णालयात न्यावे. साप पकडून बरोबर नेण्याचे तर काहीच कारण नाही.

आता राहिली ती लाकडांच्या राशीतील धामण. तिच्यासाठी काय करावे? अंगावर जखम दिसत नसेल, तर काहीच करू नये. तेवढे लाकूड चार दिवस तसेच राहू द्यावे, कोंबड्या आणि कुत्रा त्या बाजूला जाऊ देऊ नये, मुलांना लांबून पाहू द्यावे. जखम असेल, जाळ्यात अडकली असेल किंवा ती विषारी जात असण्याची शंका असेल, तर वनखात्याच्या जवळच्या कचेरीत कळवावे. जोयडा तालुक्याचा मोठा भाग आज काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो, आणि तेथील वनरक्षकांना हे काम नवीन नाही. खोके, दूध, तेल आणि हळद यांतील एकाचीही गरज नाही.

भाताच्या कणगीतील उंदीर वर्षानुवर्षे धामणच खात आली आहे. तिची भीती बाळगून तिला ठार मारणे हा एक अन्याय. आणि तिची कीव करून तिला खोक्यात मारणे हा दुसरा. पहिला अन्याय टाळावयास मन मऊ असले तरी पुरते. दुसरा टाळावयास मात्र थोडे पाहावे लागते, थोडे थांबावे लागते. ज्या घरात हे थांबणे साधते, त्या घरातील मुलांना आठवड्याभराने त्याच राशीवर एक लांब, पांढुरकी, अखंड कात लोंबताना दिसेल. तिच्या टोकाशी ते दोन चकचकीत खवले शाबूत असतील. धामण आंधळी झाली नव्हती, हे मग त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.